दोन विद्यापीठे, एक प्रबंध

‘संयुक्त’ हा शब्द आपल्या नित्य परिचयाचा आहे. संयुक्त कुटुंब, संयुक्त महाराष्ट्र, बँकेतील संयुक्त खाते, सातबाऱ्यावरील संयुक्त नाव असे त्याचे उपयोग आपण सहज करतो. मात्र ‘संयुक्त पीएच.डी.’ हा शब्दप्रयोग ऐकला की विद्यार्थी थबकतात. संपर्कसत्रात हा विषय निघाला की ठरलेले प्रश्न येतात. म्हणजे दोन पदव्या मिळतात का? दोन प्रबंध लिहावे लागतात का? एक विद्यापीठ इथले आणि एक परदेशातले असेल, तर पदवी नेमकी कोणाची? हे प्रश्न केवळ नियमांचे नाहीत. ज्ञान कोठे तयार होते आणि त्यावर कोणाची सही चालते, हा त्यांच्या तळाशी असलेला खरा प्रश्न आहे. भाषाविज्ञानाचा अध्यापक म्हणून हा प्रश्न मला अनेक वर्षे सोबत करीत आला आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ नीट लावून घेऊ. भारतीय आणि परदेशी शिक्षणसंस्थांनी मिळून अभ्यासक्रम चालवावेत, यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मे 2022 मध्ये विनियम प्रसिद्ध केले. त्यांत सहकार्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला ट्विनिंगचा. विद्यार्थी काही शिक्षण परदेशी संस्थेत घेतो, परंतु पदवी देते ती भारतीय संस्था. दुसरा संयुक्त पदवीचा. दोन्ही संस्था मिळून अभ्यासक्रम आखतात आणि दोघींच्या मुद्रा असलेले एकच पदवीपत्र मिळते. तिसरा दुहेरी पदवीचा. त्यात दोन्ही संस्था आपापली पदवी स्वतंत्रपणे देतात. संयुक्त पीएच.डी.बाबत या विनियमांनी आणखी तीन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. विद्यार्थ्याला दोन्ही संस्थांत एकेक मार्गदर्शक असला पाहिजे, प्रत्येक संस्थेत त्याने किमान एक सत्र प्रत्यक्ष राहिले पाहिजे, आणि प्रबंध एकच असला पाहिजे.

हा फरक समजावून सांगताना मी लिपीचा आधार घेतो. दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले तर प्रत्येकाचे रूप अबाधित राहते. दुहेरी पदवी तशी आहे. जोडाक्षराची गोष्ट वेगळी. ‘पुस्तक’ या शब्दातील ‘स्त’ पाहावे. ‘स’ला आपला उभा दंड सोडावा लागतो आणि दंडाबरोबर त्याच्यातला ‘अ’ही जातो, मग तो ‘त’च्या आधाराने उच्चारला जातो. संयुक्त पदवी ही या जातीची आहे. दोन विद्यापीठे एकत्र यायची, तर प्रत्येकाला आपल्या नियमांतील काही भाग सोडावा लागतो. परीक्षक कोण नेमणार, प्रबंध कोणत्या भाषेत असणार, मौखिक परीक्षा कोठे होणार, यांवर दोघांनाही आपलेच खरे करून चालत नाही. मात्र ‘क्ष’सारखी अवस्था होऊ नये, एवढी काळजी घ्यावी लागते. ‘क्ष’मध्ये ‘क’ही ओळखू येत नाही आणि ‘ष’ही नाही. संयुक्त प्रबंधात दोन्ही परंपरा ओळखू आल्या पाहिजेत.

ही कल्पना आपल्याकडे अचानक अवतरलेली नाही. फ्रान्समध्ये 1994 साली शासकीय आदेशाने ‘कोत्यूतेल’ नावाची पद्धत सुरू झाली. ‘त्यूतेल’ म्हणजे पालकत्व; ‘कोत्यूतेल’ म्हणजे दोघांनी मिळून स्वीकारलेले पालकत्व. एका संशोधकाचे दोन देशांत दोन पालक, असा तिचा आशय. महाराष्ट्रात मुंबईच्या पवई येथील आयआयटीने ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठासह 2008 साली संशोधन अकादमी स्थापन केली. तेथील विद्यार्थ्याला दोन्हीकडे मार्गदर्शक असतात, तो काही काळ ऑस्ट्रेलियात राहून काम करतो आणि त्याला दोन्ही संस्थांच्या नावाची पीएच.डी. मिळते. म्हणजे 2022च्या विनियमांपूर्वीच आपल्या राज्यात हे काम सुरू झालेले होते.

नियम नव्हते, करार नव्हते, तेव्हाही दोन देशांतील दोन विद्यापीठांचे ओझे एका खांद्यावर वाहिलेला विद्यार्थी महाराष्ट्राने पाहिला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. 1916 मध्ये तेथून ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव नोंदवले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला 1920 साल उजाडले. त्यासाठी सिडनहॅम महाविद्यालयातील अध्यापनातून साठवलेली रक्कम, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज उपयोगी पडले. त्याच वर्षी मार्चमध्ये कागल जहागिरीतील माणगावला झालेल्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांचे नेतृत्व जाहीरपणे गौरवले होते. मी ज्या बिद्रीत बसून हे लिहितो आहे ते गाव आज कागल तालुक्यातच आहे. त्यामुळे हा इतिहास शिकवताना तो परगावचा वाटत नाही.

पुढील सनावळी बोलकी आहे. लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. 1921 मध्ये, डी.एस्सी. 1923 मध्ये. कोलंबियाची पीएच.डी. मात्र 1927 मध्ये, कारण तेथे प्रबंध छापून सादर करण्याची अट होती आणि ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ 1925 मध्ये छापला गेला. दोन विद्यापीठे, दोन प्रबंध, दोन नियमावल्या. आणि मध्ये समुद्र, महायुद्ध व पैशाची चणचण. त्यांना मिळाल्या त्या दोन स्वतंत्र पदव्या होत्या. आजच्या अर्थाने ती संयुक्त पदवी नव्हे. तरीही आजच्या संशोधकाने पाहण्यासारखी एक गोष्ट तेथे आहे. कोलंबियाच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती तेथील प्राध्यापक सेलिग्मन यांनी. लंडनच्या रुपयाविषयक प्रबंधाला प्रस्तावना लिहिली ती प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि तीत आपल्याला लेखकाचे बरेचसे युक्तिवाद मान्य नाहीत, असे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले. मतभेद असूनही त्यांनी ग्रंथाचे स्वागत केले. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याशी असहमत असावे आणि तरी त्याच्या पाठीशी उभे राहावे, हे शिक्षणातले फार मोठे मूल्य आहे. दोन मार्गदर्शक असतील, तर त्याची गरज दुप्पट होते.

मराठी भाषेच्या अभ्यासाकडे वळले, तर वेगळेच चित्र दिसते. मराठीच्या घडणीवरचा पहिला मोठा ऐतिहासिक ग्रंथ झ्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेत लिहिला. तो 1920च्या सुमारास छापला गेला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा अनुवाद ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने 1941 मध्ये आला. मराठीचा इतिहास मराठी वाचकाला मराठीत वाचायला मिळण्यास दोन दशके लागली. ना. गो. कालेलकर यांनी पॅरिसमध्ये अध्ययन केले आणि परतल्यावर ‘ध्वनिविचार’, ‘भाषा आणि संस्कृती’, ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ असे ग्रंथ मराठीत लिहिले. अशोक केळकर यांनी मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात प्रबंध लिहून 1958 मध्ये पीएच.डी. मिळवली आणि पुढे पुण्यात अध्यापन केले. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा 1971 सालचा प्रसिद्ध निबंध तर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कुपवाडविषयी आहे. मराठी, कन्नड आणि उर्दू या तीन भाषांची व्याकरणे एकाच गावात शतकानुशतके नांदून एकमेकींच्या किती जवळ आली, हे त्यांनी दाखवले. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत कुपवाडचे नाव घेतले जाते; कुपवाडच्या किती घरांत त्या निबंधाचे नाव ठाऊक असेल?

या सर्व विद्वानांचे ऋण मोठे आहे. परंतु या व्यवहाराची एक ठरावीक दिशा होती. सामग्री इथली, साधने तिथली आणि निर्णयही तिथला. ब्लॉक यांचे मराठीत येणे किंवा कालेलकरांचे मराठीत लिहिणे हे व्यक्तीच्या निष्ठेने घडले. व्यवस्थेने ते घडवलेले नव्हते. संयुक्त डॉक्टरेटची खरी कसोटी येथे आहे. तीमुळे निर्णयाची जागा दोन्हीकडे वाटली जाते का, हे पाहिले पाहिजे.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या निमित्ताने हे मला जवळून पाहता आले. तिचे नाव किंवा तिच्या विद्यापीठांची नावे येथे आवश्यक नाहीत. ती याच परिसरातली, दूधगंगेच्या खोऱ्यातली. लग्नानंतर शिकून एम.ए. झालेली. तिचा विषय होता आपल्याकडच्या बायकांचे ‘मी आलो’. प्रमाण मराठीत स्त्री ‘मी आले’ म्हणते. कोल्हापूरकडची बाई सहज ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणते. पुण्यामुंबईत त्यावर हसू उमटते, शाळेत ते दुरुस्त केले जाते. एका भारतीय विद्यापीठात तिची नोंदणी झाली, परदेशातील एका विद्यापीठाशी करार झाला, आणि मी इथल्या मार्गदर्शकांना क्षेत्रकार्यात साहाय्य करीत होतो.

दोन मार्गदर्शकांचे प्रश्न पहिल्या महिन्यापासून वेगळे होते. परदेशी प्राध्यापिकांनी विचारले, ही लिंगभेद नाहीसा होण्याची प्रक्रिया आहे का? मुलगी हे रूप कोणाकडून शिकते? शाळेत गेल्यावर ते किती टिकते? इथले मार्गदर्शक म्हणाले, लिंगभेद कोठे नाहीसा झाला आहे? तीच बाई दुसरीविषयी बोलताना ‘ती आली’ असेच म्हणते. बदल आहे तो प्रथम पुरुषात. शिवाय कोण कोणाशी बोलते, हे पाहिल्याशिवाय काहीच मोजू नका. दोघांचेही म्हणणे खरे होते. बाहेरच्याला जे विचित्र वाटते ते आतल्याला विचारावेसेच वाटत नाही. आणि आतल्याला जे उघड दिसते ते बाहेरच्याला दिसतच नाही.

ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा बायका ‘मी आले’, ‘मी गेले’ असे स्वच्छ प्रमाण बोलू लागल्या. समोर शिकलेली पोर, तिच्या हातात यंत्र. भाषा आपोआप सावरून बसली. विल्यम लबॉव्ह या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने ही अडचण ‘निरीक्षकाचा विरोधाभास’ म्हणून सांगितली आहे. निरीक्षण नसताना लोक कसे बोलतात हे शोधायचे असते, आणि ते शोधण्याचा मार्ग निरीक्षण हाच असतो. तिने मग यंत्र चुलीपासून दूर ठेवले आणि शेजारणींना एकमेकींशी बोलू दिले. भांगलणीच्या आणि पाहुण्यारावळ्यांच्या गप्पा रंगल्या, तसे ‘आलो’ परत आले.

दुसरी अडचण अधिक अवघड होती. परदेशी विद्यापीठाच्या नैतिकता समितीला प्रत्येक बोलणारीची लेखी संमती हवी होती. आमच्या भागात बाईपुढे कागद ठेवून ‘इथे सही करा’ म्हटले की तिला आठवते ते सोसायटीचे कर्ज, जामीनकी किंवा जमिनीची वाटणी. सह्यांचा कागद पाहून दोघीतिघी उठून गेल्या. समितीला हे समजावून सांगण्यासाठी दीर्घ पत्रव्यवहार झाला. अखेर संमती तोंडी घ्यावी आणि तीही ध्वनिमुद्रित करावी, असे ठरले. तथापि समितीचा आग्रह अनाठायी नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. त्या आग्रहामुळेच, हा आवाज कोठे ठेवला जाणार, कोण ऐकणार, नको झाला तर पुसता येईल का, हे प्रश्न आम्ही त्या बायकांसमोर बसून बोललो. आपल्याकडच्या कित्येक लोकसाहित्य-संकलनांत असे विचारण्याची रीत नव्हती. ध्वनिमुद्रणांची एक प्रत इथे राहील, असे कलमही त्यानंतरच करारात आले.

एके दुपारी एका वृद्ध बाईने तिला विचारले, “व्हय गं पोरी, आमचं बोलणं चुकतंय म्हणून लिवून घ्यायलीस, का बरं हाय म्हणून?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच तो सारा प्रबंध होता, असे मला वाटते. तिने परदेशी जाण्यापूर्वी घरात बरीच चर्चा झाली. एक सत्र म्हणजे घराबाहेर निम्मे वर्ष. सासूबाईंनी मुलाची जबाबदारी घेतली म्हणून ती जाऊ शकली. ही मदत कोणत्याही करारात लिहिलेली नसते. तिकडून तिने मला विचारले होते, “सर, इथे सगळे ‘आलो’ या रूपाचे कौतुक करतात. आपल्याकडे कौतुक व्हायला इथली मुद्रा लागेल का?” मी तिला कळवले की ते रूप नियमबद्ध आहे, आणि ते नियमबद्ध असणे कोणाच्याही मुद्रेवर अवलंबून नाही. मुद्रेचा उपयोग एवढाच की ज्यांनी आजवर ऐकले नाही, ते आता ऐकून घेतील. तो उपयोग लहान नाही. पण त्याला त्याच्या जागी ठेवावे.

मराठीने आपल्याला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन सर्वनामे दिली आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द आहे, म्हणून करार इंग्रजीत वाचताना हा भेद दिसत नाही. अशा करारातील प्रत्येक ‘आम्ही’ मराठीत उलगडून पाहावा. प्रबंध इंग्रजीत होणार असेल, तर त्याचा मराठी सारांश कोण तयार करणार? शुल्क दोन्हीकडे भरायचे की एकीकडे? दोन मार्गदर्शकांत तीव्र मतभेद झाले, तर निर्णय कोण देणार? एका विद्यापीठाने पुढे करार मोडला, तर विद्यार्थ्याची नोंदणी कोठे उरते? सामग्रीवर हक्क कोणाचा? या प्रश्नांची उत्तरे नोंदणीपूर्वी लेखी मिळाली, तर तो करार ‘आपण’ म्हणतो असे समजावे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकत आहेत. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिली, 2022च्या त्या सहकार्यविषयक विनियमांतील कार्यक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवता येत नाहीत. संयुक्त पीएच.डी. करायची, तर दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष राहावे लागेल. दुसरी, म्हणून संशोधनाचे दार बंद होत नाही. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. पीएच.डी.विषयीच्या नोव्हेंबर 2022च्या विनियमांनी अर्धवेळ संशोधनाचीही सोय केली आहे. नोकरदाराला त्यासाठी आपल्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते. मुदत किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांची आहे, आणि स्त्रियांना त्यात दोन वर्षांपर्यंत अधिक सवलत मिळू शकते. वयाच्या चाळिशीत सुरुवात करणाऱ्यालाही हा हिशेब जमण्यासारखा आहे.

याच्याही आधीचे काम मात्र कोणत्याही विद्यापीठाच्या परवानगीवाचून सुरू करता येते. आमच्या गावच्या साखर कारखान्याच्या नावात दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्या आहेत. पुढे वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कर्नाटकात कृष्णेला. हे खोरे सीमेपलीकडे जाते, तसे या खोऱ्यातील बोलणेही जाते. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्याची मराठी येथे मुक्कामाला येते. निपाणीच्या बाजारात कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलल्या जातात. आपले गाव कोणतेही असो, तेथे अशी सामग्री आहे, आणि तिच्यापर्यंत पोचण्यासाठी आपल्याला पारपत्र लागत नाही. परदेशी संशोधकाला जे विश्वासाचे नाते जोडायला वर्ष लागते, ते आपल्याला जन्माने मिळालेले आहे.

तेव्हा हा पाठ वाचून झाल्यावर एक वही घ्यावी. घरातील वडीलधाऱ्या बाईची परवानगी विचारावी, आणि आठवडाभर केवळ ऐकावे. ती ‘आले’ कोणाशी म्हणते आणि ‘आलो’ कोणाशी. आपल्या भागात हे रूप नसेल, तर दुसरे कोणते रूप पाहुण्यांसमोर बदलते. आणि मुलांना शाळेसाठी तयार करताना कोणते शब्द दुरुस्त केले जातात, हे तारीख घालून लिहावे. कोणी विचारलेच, की आमचे चुकते म्हणून लिहितोस की बरे आहे म्हणून, तर वही मिटून आधी त्याचे उत्तर द्यावे.